वीस पेपर सोडवूनही पोरं ‘मॅट’मध्ये का अडकतात?

पत्र:
घाटंजी तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. वर्गात २३ मुलं आहेत. तीन वर्षांपासून एनएमएमएसला, म्हणजे आठवीतल्या आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला, मुलं बसवतो, पण निवड यादीत अजून एकही नाव नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर बाजारातलं पुस्तक आणून २० सराव पेपर सोडवून घेतले. १९ जण बसले. मॅटमध्ये (बौद्धिक क्षमता चाचणी) बहुतेकांना २४ ते ३० गुण आणि सॅटमध्ये (शालेय क्षमता चाचणी) ४० ते ४८. सहा जण पात्र ठरले, पण निवड कोणाचीच झाली नाही. नोव्हेंबर लागला की निम्मी पोरं कापूस वेचायला जातात. यंदा नेमकं काय वेगळं करू? आणि त्या सहांतली एक मुलगी कुणबी शेतकऱ्याची आहे, आता नववीत शिकते. तिच्यासाठी अजून काही करता येतं का?
– एक शिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर:
सर, तुमच्या पत्रातले मॅटचे आकडेच बोलके आहेत. ९० प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय. प्रश्न न वाचता डोळे मिटून गोल रंगवले तरी सरासरी २२-२३ गुण पडतात. तुमच्या मुलांना २४ ते ३० पडले, म्हणजे मॅट त्यांना जवळपास आलंच नाही, नशिबाला आलं. सॅटचे ४०-४८ मात्र त्यांचे स्वतःचे आहेत. वर्गात तुम्ही जे शिकवलं ते तिथं उतरलं. तेव्हा यंदाचा बराचसा वेळ मॅटवर घाला. सॅटमध्ये पाच गुण वाढवायला जेवढी मेहनत लागते, तेवढ्यात मॅटचे वीस वाढू शकतात.

वीस पेपर वाया का गेले, तेही यातच दिसतं. पेपर सोडवला, उत्तरं तपासली, गुण लिहिले आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर घेतला, असं चालतं तेव्हा ज्याला फाशाचा प्रश्न पहिल्या पेपरात येत नव्हता त्याला विसाव्यातही येत नाही. तो फक्त वीसदा चुकतो. पूर्ण पेपर हे मोजायचं माप आहे, शिकवायचं साधन नाही. संपूर्ण तयारीत आठ-दहा पेपर पुरतात, पण प्रत्येक पेपरानंतर तेवढाच वेळ, म्हणजे दीड तास, चुका उकलायला राखून ठेवा.

मॅटचा अभ्यासक्रम कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून तो अथांग वाटतो. जुने पेपर पुढ्यात मांडून बसा, तर फिरून फिरून तेच सतरा-अठरा प्रकार दिसतील: संख्यामालिका, अक्षरमालिका, सहसंबंध, विसंगत पद, सांकेतिक भाषा, आकृतीतल्या संख्या, आरशातली आणि पाण्यातली प्रतिमा, आकृत्या मोजणं, लपलेली आकृती, फासे, रंगवलेले घन, दिशा, नाती, रांगेतलं स्थान, घड्याळ, दिनदर्शिका, वेन आकृती. उन्हामुळे आपल्याकडे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तरी जुलै ते सप्टेंबर बारा आठवडे हाती लागतात. दोन आठवड्यांना तीन प्रकार धरले तर दसऱ्याच्या आत अठरा होतात. दिवाळीनंतर सुरुवात केली तर वेळ गेलेली असते, कारण तोवर सोयाबीनची सोंगणी आटोपून कापसाचा हंगाम उभा राहतो.

एका प्रकाराला चाळीस मिनिटांचे दोन-तीन तास द्या. पहिल्या तासाला पाच उदाहरणं तुम्ही फळ्यावर सोडवा, पण मनात नको, मोठ्यानं बोलत. उदाहरणार्थ ३, ८, १५, २४, ३५, ?. ‘आधी फरक काढू: ५, ७, ९, ११. फरक दोन-दोननं वाढतो. पुढचा १३, म्हणून ४८.’ मग तीच मालिका दुसऱ्या वाटेनं दाखवा: २चा वर्ग वजा १, ३चा वर्ग वजा १, असं ७चा वर्ग वजा १ म्हणजे ४८. मुलांच्या डोक्यात पायऱ्यांचा क्रम पक्का बसला पाहिजे. आधी फरक, मग फरकांचा फरक, मग गुणाकार-भागाकार, मग वर्ग-घन, आणि काहीच लागलं नाही तर एक सोडून एक पद. ४, २०, ७, १८, १०, १६, ? इथं दोन मालिका एकमेकींत गुंफल्या आहेत, उत्तर १३. पोरं पहिल्या तीन पदांवरच अडून बसतात. मालिका लांब, सहा-सात पदांची दिसली की दोन मालिकांचा संशय घ्यायचा, एवढं सांगितलं तरी अर्धं काम होतं. ३० पर्यंतचे वर्ग, १२ पर्यंतचे घन आणि १०० च्या आतल्या २५ मूळ संख्या परिपाठाच्या वेळी म्हणून घ्या. त्या पाठ नसतील तर बाकीची युक्ती चालत नाही.

दुसऱ्या तासाला जोड्या लावा. एकानं मोठ्यानं बोलत सोडवायचं आणि दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. चूक नेमकी कुठं झाली हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, नुसत्या उत्तरावरून तुम्हाला कळत नाही. शेवटी प्रत्येकानं त्या प्रकाराचा एक प्रश्न स्वतः तयार करून वहीत लिहावा, चार पर्यायांसह. चुकीचे तीन पर्याय रचताना मुलाला समजतं की पेपर काढणारा सापळा कुठं लावतो.

काही प्रकार फळ्यावर शिकवूच नयेत. दिशेचे प्रश्न मैदानावर घ्या. पोरं उत्तरेकडे तोंड करून डावं-उजवं बरोबर सांगतात, पण दक्षिणेकडे चालताना उजवीकडे वळा म्हटलं की पूर्वेला वळतात, खरं तर पश्चिमेला वळायला हवं. दोनदा पावलं टाकून वळली की ही चूक जाते. तीन पावलं दक्षिणेला, चार पूर्वेला आणि मूळ जागेपासून अंतर पाच, हा पायथागोरस सातवीत झालेलाच आहे. सकाळची सावली पश्चिमेला पडते हे तर शेतातल्या पोरांना सांगायलाही नको, फक्त प्रश्नात ते आठवायला हवं. रांगेतल्या स्थानासाठी वर्गालाच उभं करा. डावीकडून १४वा आणि उजवीकडून ९वा एकच असेल तर एकूण २२. तो मुलगा दोन्हीकडून मोजला गेला म्हणून एक वजा, हे रांगेत उभं राहून दिसतं. सूत्र पाठ करून मात्र ते ‘अधिक एक’ होऊन बसतं.

फाशांसाठी सहाही बाजू जवळपास सारख्या असलेला खडूचा रिकामा खोका घेऊन बाजूंना आकडे लिहा. इथली ठरलेली चूक म्हणजे समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात, हे लुडोच्या फाशावरून आलेलं ज्ञान. परीक्षेतल्या फाशाला तो नियम लागू असेलच असं नाही. दिलेल्या दोन स्थिती बघूनच ठरवायचं. एका आकड्याशेजारी दोन्ही चित्रांत मिळून जे चार वेगळे आकडे दिसले, ते त्याच्या समोर असूच शकत नाहीत. उरला तो समोरचा. रंगवलेल्या घनासाठी बटाट्याचा चौकोनी तुकडा कापा, बाहेरून हळद लावा आणि प्रत्येक बाजूनं तीन भाग करून २७ तुकडे पाडा. तीन बाजू पिवळ्या असलेले ८ तुकडे, दोन बाजूंचे १२, एका बाजूचे ६ आणि कोरा १. पोरांनी ते हातानं मोजले की वर्षभर विसरत नाहीत.

आरशासाठी खिशातला छोटा आरसा पुरतो. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ए, एच, आय, एम, ओ, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय ही अकरा आरशात बदलत नाहीत. पाण्यात बी, सी, डी, ई, एच, आय, के, ओ, एक्स ही नऊ बदलत नाहीत. आरशातल्या घड्याळाची वेळ ११:६० मधून वजा करायची, म्हणजे ३:४० चे ८:२० दिसतात. अक्षरमालिकेसाठी ई, जे, ओ, टी, वाय यांचे क्रमांक ५, १०, १५, २०, २५ पाठ असू द्या. उलट क्रमांक हवा असेल तर २७ मधून वजा करा. मराठी माध्यमाच्या पोरांचा सर्वाधिक वेळ बोटांवर इंग्रजी अक्षरं मोजण्यात जातो, तो इथं वाचतो.

दिनदर्शिकेत चूक एकाच ठिकाणी होते. १५ ऑगस्ट २०२३ ला मंगळवार होता. १५ ऑगस्ट २०२४ ला गुरुवार आला, दोन वार पुढे, कारण मधे २९ फेब्रुवारी पडली. १५ ऑगस्ट २०२५ ला मात्र शुक्रवार, एकच वार पुढे. पोरं २०२४ हा आकडा पाहिला की दोन वार सरकवतात. वर्ष लीप आहे का, हा प्रश्नच नाही. दोन तारखांच्या मधे २९ फेब्रुवारी येते का, एवढंच बघायचं.

नात्यांच्या प्रश्नांत तोंडी हिशेब बंद करा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोंमधे आडवी रेघ आणि मुलांना खाली उभी रेघ. ‘माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाची बायको’ म्हणजे कोण, हे कागदावर तीन रेघांत दिसतं. आकृत्या मोजायला क्रम हवा. ३×३ च्या चौकटीत चौरस ९ अधिक ४ अधिक १, म्हणजे १४. शिरोबिंदूतून रेघा काढून पायाचे चार भाग केलेल्या त्रिकोणात ४ अधिक ३ अधिक २ अधिक १, म्हणजे १०.

आता चुकांची वही. प्रत्येक चुकीपुढे मुलानं स्वतः एक खूण लिहायची: ‘वा’ म्हणजे नीट वाचलं नाही, ‘त’ म्हणजे तंत्रच माहीत नव्हतं, ‘हि’ म्हणजे हिशेब चुकला, ‘वे’ म्हणजे वेळ पुरला नाही, ‘गो’ म्हणजे उत्तर बरोबर पण गोल भलताच रंगला. दर शुक्रवारी ३० प्रश्न, ३० मिनिटं, आणि शनिवारी सकाळच्या शाळेत खुणा भरायच्या. तुम्ही एकटे आहात, म्हणून तपासणी वर्गाकडूनच करून घ्या आणि स्वतः फक्त एक तक्ता ठेवा. आडवे प्रकार, उभी मुलांची नावं. एका प्रकारात दहा-बारा जणांपुढे ‘त’ पडला तर तो प्रकार पुन्हा शिकवायचा, दोष मुलांचा नाही. एकाच पोराच्या वहीत ‘वा’ची रांग लागली तर त्याला आणखी प्रश्न देऊन उपयोग नाही. ‘चुकीचे विधान ओळखा’, ‘गटात न बसणारे’, ‘प्रश्न २१ ते २५ साठी सूचना’ असल्या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावायची. आमच्या मते या वहीसारखं दुसरं औषध नाही. बाजारातली जाड पुस्तकं तिच्यापुढे काहीच नाहीत, शिवाय त्यांच्या उत्तरसूच्यांतही चुका सापडतात. वर्गाला देण्याआधी संच एकदा स्वतः सोडवून घ्या.

‘गो’ ही खूण हलकी समजू नका. एक प्रश्न सोडला आणि पुढचं उत्तर त्याच ओळीत रंगवलं की तिथून खालची सगळी ओळ घसरते. यावर उपाय म्हणजे पट्टी. ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, चालू ओळीखाली पट्टी धरायची आणि प्रश्नाचा क्रमांक पुटपुटत गोल भरायचा. ९० उत्तरं आधी पुस्तिकेत खुणावून शेवटी एकदम रंगवायची पद्धत घातक आहे. प्रत्येक पान संपलं की तेवढे गोल भरावेत. बॉलपेन वापरायचा, खाडाखोड करायची नाही, एका प्रश्नाला एकच गोल. जी मुलं पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षेलाही बसली आहेत किंवा बसतात त्यांना हे बजावून सांगा. तिथं काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात, इथं दोन गोल म्हणजे शून्य. नमुना ओएमआरच्या झेरॉक्स काढा आणि शुक्रवारची प्रत्येक चाचणी त्यावरच घ्या. वहीत उत्तरं लिहिण्याची सवय परीक्षेत नडते.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल कोरा राहता कामा नये. वेळेची आखणी अशी करा. पहिली पन्नास मिनिटं सरळ जायचं. पाऊण मिनिटात वाट सापडली नाही तर पुस्तिकेत फुली मारून पुढे. नंतर तीस मिनिटं फुल्यांची. शेवटची दहा मिनिटं ओएमआरवर नजर फिरवायला आणि उरलेले गोल भरायला. दोन पर्याय ठामपणे खोडता आले तर अंदाजही निम्म्या वेळा लागतो. सरावाच्या वेळी अर्ध्या तासाला टोल द्या, हळूहळू मनगटावर घड्याळ नसलेल्या पोरालाही वेळेचा अदमास येतो.

सॅटबद्दल थोडक्यात. ९० पैकी विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. विज्ञानात भौतिक ११, रसायन ११, जीव १३. समाजशास्त्रात इतिहास १५, भूगोल १५, नागरिकशास्त्र ५. तुम्ही गणित-विज्ञानाचे, त्यामुळे तुमच्या शाळेत समाजशास्त्राचे ३५ गुण पोरके राहत असावेत. त्या विषयाच्या शिक्षकांना आठवड्याला फक्त दहा प्रश्न काढायला सांगा, सातवी-आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांतून, तेही चौकटी, तक्ते, नकाशे आणि चित्राखालच्या ओळींतून. मुलं वाचताना नेमका तोच भाग गाळतात. भूगोलात स्थानिक वेळेचं गणित पक्कं करा. एका रेखावृत्ताला ४ मिनिटं, भारताची प्रमाण वेळ ८२°३०’ पूर्व रेखावृत्ताची.

कापसाचं काय करायचं? सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाली की घरात प्रत्येक हात मोलाचा होतो, आणि शिक्षणाचं महत्त्व सांगून तो मोकळा होत नाही. घरी जाऊन हिशेब मांडा. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी चार वर्षं, एकूण ४८,०००. पूर्ण हंगाम मागू नका, तो मिळणारही नाही. नोव्हेंबर-डिसेंबरातले चार रविवार तारखेसह कागदावर लिहून मागा, पूर्ण पेपर त्याच दिवशी घ्या, आणि तो कागद आईकडे द्या. वेचा कधी आणि कोणाच्या वावरात, हे बहुतेक तीच ठरवते. मधल्या दिवसांसाठी एका कागदावर दहा प्रश्न द्या. दुपारी झाडाखाली भाकर खाल्ल्यावर वीस मिनिटांत होतात. प्रकार दसऱ्याआधी शिकून झालेले असतील तर एवढ्यावर मुलं टिकून राहतात.

कागदपत्रं ऑगस्टमध्येच लावा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं आणि तहसीलचा दाखला हवा. तलाठ्याकडून सेतूपर्यंत तो दाखला वेळ खातो. सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५०. नवोदय, केंद्रीय, सैनिकी आणि राहण्या-जेवणाची सोय असलेल्या शासकीय शाळांतल्या मुलांना ही परीक्षा नाही. आधार, शाळेचं रजिस्टर आणि बँकेचं पासबुक या तिन्हींवर मुलाचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आताच पाहा. खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, आणि त्यात अधूनमधून व्यवहार हवा, नाहीतर निवड होऊनही पैसा अडतो. निवडलेल्या मुलानं नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करायचं. दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५५.

परीक्षा अलीकडे डिसेंबरातल्या रविवारी होते. सकाळी साडेदहाला मॅट, दुपारी दीडला सॅट. शाळेच्या वेळेची एसटी रविवारी असेलच असं धरू नका, गाडी आठवडाभर आधी ठरवा. मधल्या दीड तासात डबा खाऊ द्या, पण मॅटची उत्तरं जुळवू देऊ नका. पाच चुकलेल्या प्रश्नांचं ओझं घेऊन पोर सॅटला बसतं.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. पात्र होणं आणि निवड होणं यांत फरक आहे. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण मिळाले की मूल पात्र (अनुसूचित जाती-जमातीला ३२ टक्के, म्हणजे ५८). निवड मात्र जिल्ह्याच्या कोट्यातून आणि प्रवर्गानुसार गुणानुक्रमे होते. पण पात्र असून निवड न झालेल्या मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा मुलांसाठी ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. नववी ते बारावी वर्षाला ९,६०० रुपये. त्यासाठी वेगळी परीक्षा नाही, एनएमएमएसचा निकालच चालतो. मुलगी नियमित नववीत शिकते आहे, तेव्हा तिचं गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा पुरावा, बोनाफाईड आणि बँकेचा तपशील गोळा करा, आणि या वर्षीची मुदत सारथीच्या संकेतस्थळावर याच आठवड्यात पाहून मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवा. उरलेल्या पाच जणांत आणखी कोणी कुणबी असेल तर त्याचाही सोबतच.